हायब्रीड म्हणून घेतली, रायवळ निघाली: मिनेसोटातल्या हेझलनट रोपांचा दहा वर्षांनंतरचा रिव्ह्यू

वस्तू: संकरित हेझलनटची रोपं, उघड्या मुळांची, ५० नग. एका रोपाला ८ डॉलर, पाठवणावळ वेगळी. लावली मे २०१५ मध्ये. थंडीला पाचपैकी पाच तारे. लेबलाला एक, तोही छापाई स्वच्छ होती म्हणून. बाकीचं सविस्तर.

रोपांचे रिव्ह्यू लोक पार्सल उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहितात. पॅकिंग छान, मुळं ओली, पाच तारे. हेझलनटच्या बाबतीत त्या ताऱ्यांना काही अर्थ नाही, कारण पहिली चार वर्षं हे झुडूप तुम्हाला काही म्हणजे काहीच सांगत नाही. मी दहा वर्षं थांबले, आता लिहिते.

आमचं घर रॉचेस्टर गावाबाहेर आहे. चहूकडे मका आणि सोयाबीन, मध्ये आमचा दोन एकरांचा उतार, आणि थोडं खणलं की चुनखडक. माझं माहेर वेंगुर्ल्याजवळचं, काजूच्या बागेतलं. अशा बाईने उतारावर नुसतं गवत वाढवायचं आणि दर शनिवारी ते कापत बसायचं, हे माझ्या जिवावर यायचं. काहीतरी कवचातलं, फोडून खायचं लावू या, एवढंच डोक्यात होतं. काजू इथे जगणार नाही हे कळायला शेतकी कॉलेजात जावं लागत नाही. काळा अक्रोड इथला आहे, पण त्याच्या मुळांपाशी टोमॅटोसुद्धा धड वाढत नाही. हेझलनट दहा-बारा फुटांचं झुडूपच राहतं, शिडी लागत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसालाही तोडता येतं. ठरलं.

नर्सरीचं नाव लिहीत नाही. भांडण जुनं झालं, आणि हीच गोष्ट त्या वेळी बऱ्याच जणांकडे अशीच विकली जात होती. कॅटलॉगमध्ये तळहातावर पाच टपोरे हेझलनट, खाली लिहिलेलं: हायब्रीड, कडाक्याच्या थंडीला टिकणारी, रोगाला दाद न देणारी, तीन ते पाच वर्षांत फळ. यातलं खोटं असं एकही वाक्य नव्हतं. घोळ फक्त एका शब्दाचा झाला.

आधी हे संकरित प्रकरण काय ते सांगते. बाजारातला मोठा हेझलनट युरोपियन जातीचा. जगातला निम्म्याहून जास्त माल तुर्कस्तानातून येतो, आणि अमेरिकेतला जवळजवळ सगळा ऑरेगनमधल्या विलामेट खोऱ्यातून. तिथे हिवाळा म्हणजे पाऊस. आमच्याकडच्या हिवाळ्यात त्या झाडाच्या फांद्या बर्फाच्या रेषेपर्यंत मरतात. मी हौसेने एक युरोपियन झाड घराच्या दक्षिण भिंतीला लावून बघितलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये ध्रुवावरची हवा खाली उतरली, मिनियापोलिसला पारा उणे ३३ सेल्सिअसला गेला, तेव्हा त्याचा निकाल लागला. मे महिन्यात बुंध्यापासून दोन फुटवे आले, ते सशांनी खाल्ले.

याउलट अमेरिकन हेझल हे इथलं रानटी झुडूप, रस्त्याच्या कडेला, जंगलाच्या काठाला आपोआप वाढणारं. थंडीची त्याला पर्वा नाही. पण फळ मोठ्या छोल्याएवढं, कवच जाड, आत गर म्हणावा की म्हणू नये इतकाच. या दोघांचं लग्न लावायचा उद्योग जुना आहे. सेंट पॉलचे उद्योजक कार्ल वेश्के यांनी विस्कॉन्सिनमधल्या रिव्हर फॉल्सजवळ आपल्या शेतात हे संकर केले. आमच्या घरापासून ती जागा दीड तासाच्या आत. आज या भागात दिसणाऱ्या बऱ्याच संकरित झुडपांचं घराणं तिथपर्यंत जातं.

लग्न लावायचं दुसरं कारण रोग. ईस्टर्न फिल्बर्ट ब्लाइट नावाची बुरशी इथल्या रानटी हेझलवर पूर्वीपासून आहे. त्या रानटी झुडपाला ती सवयीची, घरच्या खोडकर पोरासारखी. युरोपियन झाडाला मात्र ती ठार मारते. फांदीवर काळ्या फोडांच्या सरळ ओळी उठतात, शिवणयंत्राने टीप घातल्यासारख्या, आणि त्याच्या वरचा भाग वाळत जातो. पूर्वेकडची ही बुरशी साठच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर पोचली आणि ऑरेगनवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना जुन्या बागांत रोगाला न जुमानणारं एक 'गॅसअवे' नावाचं झाड सापडलं, त्याच्या जिवावर त्यांनी नव्या जाती काढल्या. आम्हा उत्तरेकडच्यांना मात्र थंडी आणि बुरशी दोन्ही एकदम झेलणारं झाड हवं, म्हणून अमेरिकन रक्त लागतंच.

आता तो शब्द. आपल्याकडे हायब्रीड म्हटलं की डोळ्यासमोर हायब्रीड ज्वारी येते: सगळी ताटं एका उंचीची, कणसं एका मापाची, काढणी एका दिवशी. मी पण तेच समजले. इथे हायब्रीड म्हणजे एवढंच की आजी-आजोबांत कोणीतरी युरोपियन आणि कोणीतरी अमेरिकन होतं. रोपं बियांपासून केलेली, आणि त्या बियांची आई माहीत असली तरी बाप वाऱ्यावर आलेला. हेझलला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्याचाच लागतो. म्हणजे एका झुडपाच्या दोन बिया सख्खी भावंडं असतीलच असंही नाही.

२०२० मध्ये पहिल्यांदा वाटीभर फळ आलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. एक लांबट, एक वाटोळं, एक वाटाण्याएवढं, एक चक्क चपटं. बाबांनी काजूच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची कलमं लावून आयुष्य काढलंय. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "रायवळ झाडां कलमां म्हणान विकल्यान काय गो तुका? हापुसाचो बाठो पुरलो तर हापूस येता काय?"

पाच वर्षं आणि चारशे डॉलर, आणि उत्तर दोन वाक्यांत. ज्यांच्या घरी आंबा-काजू आहे त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. बाकीच्यांसाठी लिहिते: रायवळ म्हणजे बियांपासून वाढलेलं झाड, आईसारखं निघेल याची खात्री नाही; कलम म्हणजे चांगल्या झाडाची हुबेहूब नक्कल.

पार्सल आलं मेच्या शेवटी, म्हणजे उशिरा. मुळांना गुंडाळलेला ओला कागद सुकलेला. सहा रोपं फुटलीच नाहीत. नर्सरीने फोनवर सौजन्याने सांगितलं की पुढच्या वसंतात बदलून देऊ. वसंत आला, रोपं आली नाहीत. असो. ४४ जगली, आणि तिथून पुढे थंडीने एकही गेलं नाही. २०१९ च्या त्या जानेवारीनंतर मी एप्रिलमध्ये नखाने साल खरवडून बघत फिरले. सगळी आतून हिरवी. काहींचे नुसते तुरे करपले होते. थंडीचे पाच तारे मी हात राखून दिलेले नाहीत.

थंडीने नाही, तर कशाने गेली? तीन रोपं गोफरने खाल्ली. गोफर म्हणजे जमिनीत बोगदे करून राहणारा घुशीचा इकडचा चुलतभाऊ. झुडूप उभंच्या उभं सुकलेलं दिसतं, हात लावला तर गाजरासारखं हातात येतं, खाली मूळच नसतं. एक रोप माझ्या नवऱ्याने गवत कापायच्या यंत्राखाली घातलं. त्याचं म्हणणं, खूण नीट लावली नव्हती. राहिली ४०.

हरणं हा स्वतंत्र विषय आहे. पहिल्या वर्षी मी जाळी लावली नाही, कारण चारशे डॉलरच्या रोपांना हजार डॉलरचं कुंपण हा हिशेब मला पटेना. हरणांनी प्रत्येक शेंडा असा एका रेषेत छाटला की वाटावं कोणी कात्री घेऊन बसलंय. दुसऱ्या वर्षी मुकाट्याने आठ फुटी जाळी लावली. ससे हिवाळ्यात बर्फावर उभे राहून फांद्या कुरतडतात, म्हणजे बर्फ जितका जास्त तितका सशाचा हात उंच. आणि बर्फाच्या खाली उंदरांचं राज्य, ते बुंध्याची साल गोल सोलतात. नर्सरीने आग्रहाने गळ्यात मारलेल्या प्लास्टिकच्या नळ्या मी दुसऱ्या वर्षी काढून टाकल्या. ससे थांबले होते खरे, पण उंदरांना आत आयतं घर मिळालं आणि रोपं काठीसारखी बारीक, लांबडी झाली. त्यापेक्षा बारीक जाळीचा पिंजरा बरा.

जमीन फार नखरे मागत नाही. पाणी साचलेलं चालत नाही, गवताशी स्पर्धा चालत नाही. मी ओळीत सहा फूट आणि दोन ओळींत पंधरा फूट अंतर ठेवलं, बुंध्याभोवती लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर दिला. पहिली दोन वर्षं पाणी. मुळं खाली गेल्यावर २०२३ च्या दुष्काळातही झुडपं उभी राहिली, फळ मात्र कमी धरलं. जुलैत जपानी भुंगे पानांची जाळी करतात. बघायला वाईट दिसतं, मी काही करत नाही.

फुलोरा मात्र सांगायलाच हवा, कारण हे झाड मला त्यासाठीच आवडतं. नर तुरे आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि घट्ट मिटून अख्खा हिवाळा फांदीवर लोंबत काढतात. एप्रिलच्या आसपास, सावलीत अजून बर्फ असतो, बाकी सगळं करडं, तेव्हा एखाद्या उन्हाच्या दिवशी ते सुटतात, बोटभर लांब होतात आणि फांदीला धक्का लागला की पिवळा धूर उडतो. मादी फूल शोधावं लागतं. कळीच्या टोकाला केशराच्या दोन-चार काड्या खोवल्यासारखे लालभडक धागे, बस्स. एवढं करून गर्भधारणा लगेच होत नाहीच. पराग पोचतो एप्रिलमध्ये आणि प्रत्यक्ष फळ धरायचं काम चालू होतं उन्हाळा आल्यावर. इथे रायवळ असण्याचा एक फायदा आहे, तो कबूल करते: ४० झुडपं ४० तऱ्हेची असल्यामुळे कोणाचा पराग कोणाला चालेल ही काळजी मला कधी करावी लागली नाही.

आता फळ. प्रत्येक झुडपाला मी अॅल्युमिनियमची पट्टी आणि नंबर दिलाय, आणि वहीत नोंद आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ४० झुडपांतून कवचासकट २१ किलो निघालं. ऐकायला बरं वाटतं. त्यातले ९ किलो फक्त पाच झुडपांचे. नंबर १७ एकटं दोन किलोंच्या वर. दुसऱ्या टोकाला अकरा झुडपं अशी की दहा वर्षांत मिळून त्यांनी एक डबा भरला नाही. नंबर ८ दिसायला सगळ्यात देखणं, फळांनी लगडतं, आणि फोडलं की दहातले सहा पोचट. नंबर २३ चं कवच असं की हातोडी उसळते. नंबर ३१ चा गर बागेत सगळ्यात गोड, पण ते ऑगस्टमध्येच, आपल्याला कळायच्या आधी, पिकतं आणि खाली सांडतं. उंदीर खूश. दोन झुडपांना ती काळ्या फोडांची शिवण आली. त्यातलं एक तोडलं नाही, कारण ते रोग घेऊनही दरवर्षी फळ देतंय, चिवट म्हातारीसारखं.

कॅटलॉगमधल्या फोटोएवढं फळ? एकाही झुडपाला नाही. चांगल्यांतलं चांगलं फळ दुकानातल्या हेझलनटच्या निम्मं ते पाऊण.

काढणी बरोबर गणपतीत येते, आणि हा योगायोग नसून माझ्या मागे लागलेला साडेसातीचा फेरा आहे. फळ पानांच्या झालरीत घट्ट बसलेलं असतं. युरोपियन फळ पिकलं की झालरीतून सुटून खाली पडतं आणि यंत्राने झाडून घेता येतं. आमचं अमेरिकन रक्ताचं झालर सोडत नाही, घोसच्या घोस हाताने तोडावे लागतात. बोटाने दाबून फळ झालरीत फिरलं की तयार. हे मला कळतं त्याच्या आदल्या दिवशी 'ब्लू जे' नावाच्या निळ्या पक्ष्यांना कळतं. गौरी आवाहनाच्या दिवशी मी आत हळदीकुंकवाची पावलं काढत होते आणि खिडकीतून दिसत होतं, नंबर १७ वर पाच जण बसून पंगत चाललीय. पातळ नेसलेली होते तशीच बाहेर धावले. आता शेजारच्या दोन शाळकरी मुलांना तासावर पैसे देते आणि दोन दिवसांत सगळं उरकते.

मग घोस आठवडाभर गॅरेजमध्ये जाळीवर सुकवायचे, झालर कडक झाली की बादलीत घालून ड्रिलला लावलेल्या रबरी पट्ट्यांनी घुसळायचे. झालर वेगळी, फळ वेगळं, बोटं तपकिरी. फोडायला हँडलवालं यंत्र आहे, जात्यासारखं, दोन पाट्यांमधलं अंतर कमीजास्त करायचं. इथेच रायवळपणाची खरी किंमत मोजावी लागते. मोठ्या फळाला अंतर बसवलं की लहान तसंच खाली पडतं, लहानाला बसवलं की मोठ्याचा भुगा. म्हणून आधी तीन चाळण्यांनी चाळायचं, मग तीनदा फोडायचं. २१ किलोंतून गर निघाला साधारण ७ किलो. काजूच्या बीसारखा हात भाजणारा चीक नाही, एवढं सुख.

चवीबद्दल मी निःपक्षपाती नाही. दुकानातल्या भाजलेल्या हेझलनटला एक कोरडेपणा असतो, त्यामानाने हा गर तेलकट, गोडसर, ताजा असताना ओल्या काजूची किंचित आठवण करून देणारा. साल कडू लागते, भाजून फडक्यात चोळली की निघते. दाण्याच्या कुटाऐवजी खिचडीत घालून बघितला, साबुदाणा गोळा झाला, पुन्हा करणार नाही. लसणाची सुकी चटणी मात्र उत्तम होते. डिंकाच्या लाडवात बदामाच्या जागी घालते. दोन वर्षं नैवेद्याच्या मोदकाच्या सारणात मूठभर जातो, त्यावर सासूबाईंनी फोनवर "हे तुमच्याकडे चालतं का" एवढंच विचारलं.

पुण्याहून एक-दोघांनी विचारलंय की महाबळेश्वरला लावता येईल का. नका लावू. याला खराखुरा लांब हिवाळा लागतो, झोपायला. आपल्या देशात हेझल आहे, पण ते हिमालयात. हिमाचलातल्या पांगी खोऱ्यात त्याला ठांगी म्हणतात आणि त्याची मोठी झाडं होतात. कधी तिकडे गेलात तर विकत घ्या आणि मला कळवा.

मग आता कोणी घ्यावं, काय घ्यावं? २०१५ मध्ये माझ्यासमोर पर्याय नव्हता, आज आहे. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांची माणसं अप्पर मिडवेस्ट हेझलनट डेव्हलपमेंट इनिशिएटिव्ह या नावाखाली शेतकऱ्यांच्या बागांतून फिरली, हजारो रायवळांतून नंबर १७ सारखी झुडपं हेरली, आणि त्यांची हुबेहूब रोपं करायच्या मागे लागली. म्हणजे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूत केलं तेच. रटगर्स विद्यापीठानेही २०२० मध्ये 'रॅरिटन', 'मॉनमाउथ' वगैरे जाती काढल्या, रोगाला पक्क्या. पण त्या न्यू जर्सीच्या हवेत निवडलेल्या. तिकडच्या मराठी मंडळींनी जरूर लावाव्यात. आमच्या हिवाळ्याची मी त्यांना शिफारस करणार नाही.

हुबेहूब रोपं महाग असतात आणि वाट बघावी लागते. म्हणून माझा हिशेब असा: घरापुरतं हवं असेल तर चार-पाच चांगल्या कलमी रोपांवर पैसे घाला, वेगवेगळ्या जातींची, म्हणजे परागाची सोय होईल. हौस असेल, जागा असेल आणि वय चाळिशीच्या आत असेल तर बियांची ५० लावा, पण दुप्पट दाट लावा आणि आठव्या वर्षी निम्मी काढायची आहेत हे पहिल्या दिवशीच मनाशी ठरवा. मी ठरवलं नव्हतं. मागच्या नोव्हेंबरात ती अकरा निकामी झुडपं खणून काढताना नवरा मला विचारत होता की रडतेस का. वारा होता.

रिकाम्या झालेल्या जागांचीही सोय झालीय. हेझल मुळापासून फुटवे काढतं, आणि फुटव्यांना मुळं फुटवता येतात. जूनमध्ये नंबर १७ च्या कोवळ्या फुटव्यांना बुडाशी तारेने आवळलं, वर मूळ फुटायचं औषध लावलं आणि भोवती बिनबुडाची बादली ठेवून ओला भुसा भरला. बाबा म्हणाले, "ह्या तर दाबकलम." तेच. ऑक्टोबरात भुसा काढला तर अठरातल्या चौदांना पांढरी मुळं होती. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पाच दिवसांत येतो, लग्नाचा त्यात नाही.

चौदापैकी अकरा त्या अकरा खड्ड्यांत गेली. एक बाबांच्या नावाने घराच्या दक्षिण भिंतीला, मेलेल्या युरोपियनच्या जागी. दोन उरलीत, मातीच्या कुंड्यांत. रॉचेस्टरच्या आसपास कोणी असाल तर घेऊन जा. पैसे नकोत, पण हरणांची जाळी आधी लावा, फोटो पाठवा, मग या.